टॉम वाजत नसतो तेव्हा : ड्रम किटमधील टॉमचे मिक्सिंग, नवोदितांसाठी

चार मिनिटांच्या एखाद्या रॉक गाण्यात टॉमवर, म्हणजे ड्रम किटमधल्या गुंजणाऱ्या मधल्या ड्रमांवर, काठी प्रत्यक्षात किती वेळ पडते, हे एकदा मोजून पाहावे. समजा गाण्यात ९ फिल (तालाच्या जोडावर वाजवायचे भरावाचे तुकडे) आहेत आणि प्रत्येक फिल साधारण २ सेकंदांचा आहे, तर टॉमचे सगळे काम १८ सेकंदांत आटोपते. उरलेली ३ मिनिटे ४२ सेकंद टॉमसमोरचा माइक मात्र उघडाच असतो आणि वर लटकलेल्या सिंबलचा खळखळाट, शेजारच्या स्नेअरचा (तारा लावलेल्या चपट्या ड्रमचा) तडाखा आणि किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) धक्क्याने टॉमच्या हेडमध्ये, म्हणजे ताणलेल्या पडद्यात, उठणारी गुणगुण इमानेइतबारे टिपत राहतो. नवोदित मिक्सर टॉमचा ट्रॅक हाती आला की आधी ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करणारे साधन) उघडतो, तळाचा आवाज वाढवतो, काठीचा आवाज वाढवतो, आणि मग संपूर्ण किटवर धुरकट पडदा का पडला याचा शोध घेत बसतो. टॉमच्या मिक्सिंगमधील निम्म्याहून अधिक काम टॉम वाजत नसतानाच्या वेळेची व्यवस्था लावण्याचे असते, असे माझे मत आहे, आणि पुढील पायऱ्यांचा क्रम त्याच मताने ठरवला आहे.

उदाहरणासाठी साधे किट घेऊ : एक १२ इंची रॅक टॉम, एक १६ इंची फ्लोअर टॉम, प्रत्येकासमोर एक माइक, वर डावा-उजवा असे संपूर्ण किट टिपणारे दोन ओव्हरहेड माइक, आणि किक, स्नेअर व खोलीच्या माइकचे नेहमीचे ट्रॅक. सरावासाठी स्वतःचे रेकॉर्डिंग हाताशी नसेल तर केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजी या संकेतस्थळावरील मोफत मल्टिट्रॅकच्या संग्रहातून खऱ्या ड्रमचे एखादे गाणे उतरवून घ्यावे. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल, कारण येथे सांगितलेले सर्व काही त्यासोबत येणाऱ्या साध्या प्लगइनांनी करता येते.

ओव्हरहेडपासून सुरुवात

टॉमचे ट्रॅक म्यूट करून फक्त दोन्ही ओव्हरहेड ऐकावेत, आणि गाण्यातील एक मोठा फिल निवडून तो पुन्हापुन्हा वाजवावा. टॉम ओव्हरहेडमध्ये आधीपासूनच असतो, ही गोष्ट नवशिक्याच्या लक्षात येत नाही, आणि म्हणून तो टॉमचा आवाज जवळच्या माइकमधून शून्यापासून उभा करू पाहतो.

इंग्रजीतील 'टॉम-टॉम' हे नाव आपल्याकडच्या 'टमटम' या नादानुकारी शब्दावरून गेले आहे, आणि त्या 'टम'मध्ये या वाद्याचा अख्खा आवाज सामावलेला आहे. 'ट' म्हणजे काठीचा घाव आणि 'म' म्हणजे त्यामागे रेंगाळणारी गुंज. ओव्हरहेड ऐकताना यातला कोणता भाग आधीच पुरेसा आहे आणि कोणता कमी पडतो, एवढेच ठरवावे. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये 'ट' बऱ्यापैकी ऐकू येतो आणि 'म'चे वजन कमी पडते. तसे असेल तर जवळच्या माइककडून वजनच मागावे. काठीचा आवाज दोन्हीकडून मागितला की टॉम पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो.

याच वेळी टॉम कोणत्या बाजूला ऐकू येतात, हेही लिहून ठेवावे. उजव्या हाताच्या वादकाच्या दृष्टीने हाय-हॅट डावीकडे आणि फ्लोअर टॉम उजवीकडे असतो, तर समोर बसलेल्या श्रोत्याला हेच उलट दिसते. कोणतीही बाजू निवडली तरी चालते, पण ओव्हरहेडमध्ये फ्लोअर उजवीकडे असताना त्याचा जवळचा ट्रॅक डावीकडे पॅन केला तर एकच वाद्य दोन ठिकाणी वाजू लागते. पॅन शेवटच्या टोकापर्यंत नेण्याचीही गरज नसते. ओव्हरहेडमध्ये टॉम जिथे भासतो तिथेच जवळचा ट्रॅक ठेवला की आवाज एकसंध होतो.

पोलॅरिटीची तपासणी

काठीचा घाव जवळच्या माइकपर्यंत जवळजवळ लगेच पोहोचतो आणि ओव्हरहेडपर्यंत थोडा उशिरा. हा उशीर किती, याचे गणित सोपे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ओव्हरहेड जवळच्या माइकपेक्षा ९० सेंटीमीटर दूर असेल तर आवाज तिथे सुमारे २.६ मिलिसेकंद उशिरा पोहोचेल, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये सुमारे १२६ सॅम्पल (आवाजाच्या सुट्या नोंदी). एवढ्या उशिरामुळे १९० हर्ट्झच्या आसपासची लहर दोन्ही माइकमध्ये नेमकी उलट्या टप्प्यावर येते, आणि ट्रॅक एकत्र केले की त्या भागातील आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. रॅक टॉमचे अंग याच परिसरात असते. जवळचा माइक एकटा ऐकताना भरघोस वाटणारा टॉम सगळे ट्रॅक उघडताच पोकळ का होतो, याचे कारण बहुधा येथे सापडते, आणि ही पोकळी ईक्यूने भरून निघत नाही.

म्हणून ओव्हरहेड आणि एक टॉम एवढेच उघडे ठेवून टॉमच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) बटणाने उलटी-सुलटी करून पाहावी. ज्या स्थितीत तळ अधिक भरलेला वाटेल ती ठेवावी, आणि मग दुसऱ्या टॉमसाठी हेच करावे. दोन टॉमची उत्तरे वेगवेगळी आली तरी बिचकू नये, कारण ओव्हरहेडपासूनची त्यांची अंतरे वेगळी असतात. टॉमचा ट्रॅक सॅम्पल मोजून मागे सरकवणे हाही एक मार्ग आहे. पण मागे सरकवल्याने घावाचा ताजेपणा थोडा कमी होतो असे मला वाटते, म्हणून पोलॅरिटीच्या बटणाने काम भागत असेल तर मी तिथेच थांबतो.

ट्रॅकची सफाई : सर्वांत मोठे काम

आता मूळ ट्रॅकची एक प्रत बाजूला ठेवून द्यावी, कारण येथून पुढे कापाकापी आहे.

संपूर्ण गाणे एकदा ऐकून टॉम जिथे जिथे वाजतो तिथे खूण करावी. डोळ्यांवर विसंबू नये. लहरीच्या चित्रात स्नेअरचा गळका आवाज टॉमच्या हलक्या ठोक्यापेक्षा मोठा दिसू शकतो, आणि हळूच वाजवलेला फ्लोअर चित्रात जवळपास अदृश्य असतो. खुणा झाल्या की प्रत्येक ठोक्याच्या सुमारे ५ ते १० मिलिसेकंद आधी ट्रॅक कापावा आणि तिथे २ ते ५ मिलिसेकंदांचा छोटा फेड-इन द्यावा, म्हणजे कापलेल्या जागी टिक असा आवाज येत नाही. सलग ठोक्यांचा फिल असेल तर मध्ये कुठेही न कापता तो एकाच तुकड्यात ठेवावा.

सुरुवात सोपी असते, कसब लागते ते शेवटासाठी. फिलमधील अखेरचा ठोका पडल्यावर गुंज कुठपर्यंत जाते हे ऐकून तिथपर्यंत फेड-आउट लांबवावा. रॅकला बहुधा पाऊण ते एक सेकंद पुरतो, तर फ्लोअरला दीड-दोन सेकंदही लागतात. फेडचा उतार सरळ रेषेऐवजी वक्र ठेवला तर तो टॉमच्या नैसर्गिक विझण्याशी अधिक जुळतो. येथे हमखास येणारी अडचण म्हणजे फिलच्या शेवटी, नेमक्या 'समे'वर, वादक क्रॅश सिंबल वाजवतो. टॉमच्या माइकमध्येही तो क्रॅश जोरात आलेला असतो, आणि तुकडा संपताच क्रॅशचा एक थर एकाएकी नाहीसा होतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण सिंबलला कुणीतरी हिसका दिल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी दोनच उपाय आहेत. एक तर फेड क्रॅशच्या आधीच सुरू करून टॉमच्या गुंजेचा थोडा बळी द्यावा, किंवा फेड इतका लांब ठेवावा की क्रॅश आपसूक विझत असल्याचा भास व्हावा. संथ गाण्यात मी दुसरा उपाय निवडतो, जलद गाण्यात पहिला. दोन्ही वेळा निर्णय सगळे ड्रम चालू ठेवून करावा. टॉम सोलो करून, म्हणजे एकटाच, ऐकल्यास प्रत्येक फेड चुकीचाच वाटतो.

सफाई किती कडक असावी, याला एकच एक उत्तर नाही. ठोक्यांमधला भाग पूर्ण गप्प करण्याऐवजी १२ ते १५ डेसिबलने खाली आणून ठेवला तर किट एका खोलीत वाजत असल्याची भावना टिकते. किकबरोबर फ्लोअर टॉम थोडा गुणगुणला तर काही गाण्यांत तेच किटचे सौंदर्य असते, आणि ते काढून टाकल्यावर किक एकाकी, कोरडी वाटू लागते. गुणगुण ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे एक कडवे ऐकावे आणि मग ठरवावे. जिथे वादक हाय-हॅटऐवजी फ्लोअरवरच ताल धरतो, तिथे तर तो भाग अजिबात कापू नये. तिथे टॉमचा माइक सतत उघडा राहणेच योग्य, आणि सिंबलचा त्रास ईक्यूने जेवढा कमी होईल तेवढ्यावर समाधान मानावे.

हे सगळे हाताने करायला अशा गाण्याला अर्धा-पाऊण तास लागतो. गेट हा ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा प्लगइन हेच काम आपोआप करतो, मग हाताने का करायचे, असा प्रश्न रास्त आहे. गेट आवाजाची पातळी पाहतो, त्याला टॉम कोणता आणि स्नेअर कोणता हे कळत नाही. सुरुवातीच्या काळात एका शांत गाण्याचे ड्रम मी गेट लावून चटकन उरकले होते. वादकाने मिक्स ऐकला आणि एवढेच विचारले, "दादा, शेवटचा फ्लोअर कुठं गेला?" गाण्याच्या अगदी अखेरीस त्याने फ्लोअरवर एकच हलका ठोका दिला होता, तो गेटच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि मीही तो कधी ऐकला नव्हता.

तरीही गेट वापरायचा असेल, उदाहरणार्थ एका दिवसात दहा गाणी उरकायची असतील, तर त्याची रेंज (तो आवाज किती खाली आणतो ते) पूर्ण बंद न ठेवता १० ते १५ डेसिबलपुरती ठेवावी, अटॅक (उघडण्याचा वेळ) शक्य तितका जलद, होल्ड (उघडे राहण्याचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आसपास आणि रिलीज (बंद होण्याचा वेळ) ३०० ते ६०० मिलिसेकंद ठेवून सुरुवात करावी. लुकअहेडची, म्हणजे आवाज किंचित आधी पाहण्याची, सोय असेल तर ती चालू करावी, नाहीतर 'ट'चा पहिला कण कापला जातो. गेटच्या साइडचेनमध्ये, म्हणजे तो ज्यावरून उघडायचे ठरवतो त्या आवाजात, फिल्टर लावून त्याला फक्त टॉमच्या मूळ सुराच्या आसपासचा भाग ऐकू द्यावा, म्हणजे सिंबलमुळे तो उघडत नाही. मात्र फ्लोअरच्या गेटला किक फसवते आणि रॅकच्या गेटला स्नेअर, तेव्हा गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकण्याच्या कामातून सुटका नाहीच.

ईक्यू

सफाई झालेल्या ट्रॅकवर ईक्यू लावणे तुलनेने सुखाचे असते, कारण आता वाढवलेला प्रत्येक डेसिबल फक्त टॉमच्या वाट्याला येतो.

आधी टॉमचा मूळ सूर शोधावा. एका मोकळ्या ठोक्याची लूप करून स्पेक्ट्रम अॅनालायझर पाहावा. घावाच्या क्षणी सगळीकडेच ऊर्जा दिसते, म्हणून पहिला क्षण सोडून द्यावा आणि गुंज विझत असताना जो डोंगर सर्वांत शेवटपर्यंत टिकतो तो पाहावा. १६ इंची फ्लोअरचा हा सूर बहुधा ७० ते ९० हर्ट्झच्या आणि १२ इंची रॅकचा ११० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान सापडतो, पण तो ट्यूनिंगवर अवलंबून असल्यामुळे दुसऱ्याच्या लेखातले आकडे, अगदी या लेखातलेही, जसेच्या तसे लावू नयेत. त्या सुरावर रुंद पट्ट्याने ३ ते ५ डेसिबल वाढवावेत.

त्याच्या वर आणखी एक डोंगर दिसेल, आणि तो मूळ सुराच्या दुप्पट जागी नसेल. तंतुवाद्यात वरचे स्वर दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींत येतात. ताणलेल्या गोल पडद्याचे तसे नसते, आणि आदर्श पडद्यात दुसरा स्वर मूळ स्वराच्या सुमारे १.५९ पट येतो. टॉमला वर-खाली दोन हेड असल्याने आणि मध्ये हवा कोंडलेली असल्याने हा आकडा मागेपुढे होतो. टॉम बेसूर कण्हत असल्यासारखा वाटतो तेव्हा दोष बहुधा या दुसऱ्या डोंगराचा असतो. तिथे अगदी अरुंद पट्टा घेऊन ४ ते ६ डेसिबल कमी करून पाहावेत.

पुढचा इलाका ३०० ते ५०० हर्ट्झचा. जवळून धरलेल्या माइकमुळे येथे पुठ्ठ्याच्या खोक्यावर थापटल्यासारखा आवाज साठतो. येथे ४ ते ६ डेसिबल कमी केले की बहुतेक टॉम मोकळे होतात, आणि ही एकच हालचाल बाकीच्या सर्व ईक्यूपेक्षा अधिक फळ देते असा माझा अनुभव आहे. 'ट' हवा असेल तर ४ ते ५ किलोहर्ट्झच्या भागात थोडी वाढ करावी, पण ओव्हरहेड ऐकताना 'ट' पुरेसा असल्याची नोंद आपण केली असेल तर येथे हात आखडता घ्यावा. शेवटी ८ ते १० किलोहर्ट्झच्या वर लो-पास फिल्टर लावून उरलासुरला सिंबल खाली आणावा. टॉमचे तिथे फारसे काही नसते.

टॉम मुळातच बेसूर लावलेला असेल, हेड जुने आणि खड्डे पडलेले असतील, तर यातले काहीही त्याला वाचवू शकत नाही. गुंज कमी करण्याचे काम तर रेकॉर्डिंगच्या वेळीच करावे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिंगो स्टारने टॉमवर चहाचे टॉवेल पसरून बीटल्सचे जे दबके, गोल ठोके रेकॉर्ड केले, ते नंतर प्लगइनने करायला गेल्यास तितके सहज येत नाहीत. रेकॉर्डिंग आपल्या देखरेखीखाली होत असेल तर किट उचलण्यापूर्वी वादकाकडून प्रत्येक टॉमचे आठ-दहा सुटे ठोके, हलके आणि जोरदार दोन्ही, पूर्ण विझेपर्यंत वाजवून घ्यावेत. एखाद्या फिलमध्ये ठोका फसला किंवा त्यावर क्रॅश फारच गळला, तर त्या जागी याच किटचा स्वच्छ ठोका बसवता येतो.

कम्प्रेशन

कम्प्रेसर मोठा आवाज आपोआप दाबतो. येथे फार रेंगाळण्याची गरज नाही. रेशो (दाबण्याचे प्रमाण) ४:१, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, रिलीज १०० ते १५० मिलिसेकंद, आणि जोरदार ठोक्यावर ४ ते ६ डेसिबलची घट, एवढ्यावर काम सुरू होते. अटॅक मुद्दाम सावकाश ठेवायचा, कारण काठीचा घाव पहिल्या काही मिलिसेकंदांत येऊन जातो. तो निसटून गेल्यावर कम्प्रेसर जागा झाला की 'ट' शाबूत राहतो आणि 'म' वर उचलला जातो. अटॅक १-२ मिलिसेकंदांवर नेला तर ठोका उशीवर पडल्यासारखा वाटतो. कम्प्रेसर गुंजेबरोबर गळका आवाजही वर आणतो, म्हणून सफाईआधी तो लावला तर सिंबल श्वास घेतल्यासारखे खाली-वर होत राहतात.

रिव्हर्ब

कोरडे टॉम ओव्हरहेड आणि खोलीच्या माइकमुळे पुरेसे जिवंत वाटत असतील तर वेगळा रिव्हर्ब (खोलीच्या गुंजेची नक्कल) लावूच नये. लावायचा झाल्यास वेगळ्या बसवर (ट्रॅक एकत्र पाठवण्याच्या वाटेवर) प्लेट प्रकारचा घ्यावा. १९५७ साली जर्मनीतील ईएमटी कंपनीने आणलेल्या १४० या यंत्रात पोलादाचा एक मोठा पत्रा टांगून कंपवला जात असे, आणि त्याचा दाट, लगेच उमलणारा आवाज ड्रमला इतका शोभला की आजही बहुतेक रिव्हर्ब प्लगइनांत त्याची नक्कल असते. लांबी १.२ ते १.५ सेकंद, प्रीडिले (गुंज सुरू होण्याआधीचा उशीर) २० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि रिव्हर्बच्या बसवर १५० ते २०० हर्ट्झच्या खालचे सर्व कापलेले, असे ठेवले तर तळ गढूळ होत नाही.

टॉमचा विषय निघाला की गेट लावलेल्या रिव्हर्बची आठवण निघतेच. १९७९ साली पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या एकल अल्बमवर काम करताना लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ध्वनिअभियंता ह्यू पॅजम आणि ड्रमवादक फिल कॉलिन्स यांना एसएसएल कंपनीच्या कन्सोलच्या (मिक्सिंगच्या मेजाच्या) टॉकबॅक माइकमधून ड्रमचा विलक्षण दाबलेला आवाज ऐकू आला. तो माइक वादकांचे बोलणे कंट्रोल रूममध्ये ऐकू यावे म्हणून असतो आणि त्याला जबरदस्त कम्प्रेसर जोडलेला असतो. त्या आवाजाला गेट लावल्यावर खोलीची मोठी गुंज उठते आणि एकदम तुटते. १९८१ साली कॉलिन्सच्या पहिल्या एकल सिंगलमधील टॉमच्या फिलने हा आवाज जगभर नेला. हा प्रयोग जरूर करून पाहावा : टॉमची बस एका मोठ्या खोलीच्या रिव्हर्बकडे पाठवावी, त्यानंतर जोराचा कम्प्रेसर, आणि त्यानंतर टॉमच्याच ठोक्याने उघडणारे व सुमारे ३०० ते ४०० मिलिसेकंदांत बंद होणारे गेट. मात्र १९८० च्या दशकाची छटा हवी नसेल तर तो त्या गाण्यातून काढूनही टाकावा.

पातळी आणि शेवटची फेरी

आता टॉमचे फेडर पूर्ण खाली आणावेत, संपूर्ण गाणे सुरू करावे आणि फिल येताना फेडर हळूहळू वर न्यावेत. फिलमधील टॉम आणि त्याआधीचा स्नेअर एकाच माणसाने एकाच जोराने वाजवल्यासारखे वाटू लागले की थांबावे. नवोदितांचे टॉम बहुधा गरजेपेक्षा मोठे असतात, कारण ते सोलो ऐकत ठरवलेले असतात. मिक्स मोनो करून पाहावा, आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही ऐकावा. त्या स्पीकरमध्ये ८० हर्ट्झ जवळपास नसतोच, त्यामुळे फ्लोअर तिथे साफ गायब होत असेल तर त्याला मूळ सुराच्या वरच्या भागात थोडे सॅच्युरेशन (आवाजात वरचे स्वर भरणारी हलकी विकृती) देऊन ऐकण्याजोगे अंग द्यावे.

सरतेशेवटी प्रत्येक फिलसाठी फेडरचे ऑटोमेशन (गाण्यात आपोआप होणारी हालचाल) लिहावे. पहिल्या कडव्याकडे नेणारा फिल आणि शेवटच्या ध्रुवपदात शिरणारा फिल यांची पातळी सारखी असण्याचे कारण नाही. शेवटचा १ ते २ डेसिबलने वर गेला तरी कुणाला खटकत नाही. पडत्या फिलमध्ये रॅक ते फ्लोअर असा प्रवास असेल तर शेवटच्या फ्लोअरच्या ठोक्याला स्वतंत्रपणे अर्धा-एक डेसिबल द्यावा, आणि लगेच पुढच्या क्रॅशवर परत यावे, नाहीतर इतक्या मेहनतीने झाकलेला तो हिसका पुन्हा ऐकू येईल.